शनिवार कोणाचा?

पंचांगावरून भांडावे कसे, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. एका घरात दिवाळीचे दिवे लागून विझावेत आणि दुसरे पंचांग मानणाऱ्या शेजारघरी अजून चकलीची भाजणीही दळून आलेली नसावी, असे प्रसंग टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या अधिक मासाच्या हिशेबातील फरकाने आपल्याकडे घडलेले आहेत. पण आपल्या या भांडणात निदान सूर्यचंद्र तरी साक्षीला असतात. रग्बी या खेळाच्या पंचांगाचे भांडण गेली दीडशे वर्षे चालू आहे, आणि तिथे साक्षीला आहेत ते हवामान, मानपान आणि पैसा. हे तिन्ही साक्षीदार कसे असतात, ते वाचकांना सांगणे नलगे.

रग्बी हा लंबगोल चेंडूचा, पंधरा-पंधरा गड्यांचा खेळ. चेंडू हाती घेऊन धावायचे आणि धावणाऱ्याला अंगाने भिडून खाली पाडायचे, हे त्याचे सार. खेळ मुळात थंडीचा, कारण अंग टाकायला भिजलेली मऊ जमीन हवी. क्रिकेटमधील गडी आज इथे आणि परवा तिथे खेळू शकतो. रग्बीच्या गड्याला एका सामन्यानंतर अंग सावरायला जवळजवळ आठवडा लागतो. म्हणून या खेळातील सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे शनिवार. वर्षातले हे मोजके शनिवार क्लबाचे की देशाचे, एवढाच काय तो वाद. पण त्याने एक खेळ दुभंगला आणि पुढे काही जुनी घराणीही बुडाली.

शनिवारच का, याचे उत्तर गिरण्यांत आहे. इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतील बायकामुलांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबू लागले, आणि हळूहळू ती अर्धी सुटी सर्वांचीच झाली. त्या दुपारीवर खेळांचे संसार उभे राहिले. १८७१ च्या जानेवारीत लंडनच्या एका उपाहारगृहात २१ क्लबांनी जमून रग्बी फुटबॉल युनियन स्थापली. वॉस्प्स हा १८६७ सालचा क्लब मात्र त्या बैठकीला नव्हता. आख्यायिका अशी, की त्यांचा माणूस चुकीच्या दिवशी चुकीच्या ठिकाणी जाऊन बसला! त्याच वर्षी २७ मार्चला एडिंबरो येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला व स्कॉटलंडने तो जिंकला. पण देशाचा सामना म्हणजे तेव्हा वर्षाकाठी येणारा सण. बाकीचा सारा हंगाम क्लबांचा असे, आणि क्लबांचे चिटणीस एकमेकांना पत्रे धाडून सामने ठरवीत. वर्षाचे पंचांग मांडणारा कोणी एक ज्योतिषी नव्हताच.

याच काळात हा खेळ आपल्या देशातही येऊन गेला. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात तिथल्या गोऱ्यांनी रग्बीचा सामना खेळला आणि पुढच्याच महिन्यात क्लब काढला. परंतु बंगालचा उन्हाळा रग्बीला मानवेना. मंडळी टेनिसकडे आणि पोलोकडे वळली. १८७८ मध्ये क्लब मोडला तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे २७० रुपये वितळवून त्यांचा एक चषक घडवला गेला. त्याला तीन नागांच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. हा ‘कलकत्ता चषक’ १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचे मानचिन्ह आहे. हंगाम न सापडल्याने जो क्लब मेला, त्याच्या अस्थींतून हा मान निर्माण झाला. मुंबईकरांनी पुढे अधिक शहाणपण केले. बॉम्बे जिमखान्यावर रग्बी खेळतात ती पावसाळ्यात, चिखलात.

आता पहिल्या मोठ्या फुटीकडे वळू. यॉर्कशायर आणि लँकेशायर भागातील क्लबांतून गिरणीकामगार आणि खाणकामगार खेळत. परगावच्या सामन्याला जायचे तर शनिवारची सकाळची पाळी बुडे आणि पाळीबरोबर मजुरीही. उत्तरेकडील क्लबांनी १८९३ मध्ये मागणी केली, की खेळासाठी मजुरी बुडाली तर तेवढी भरून द्यावी. दक्षिणेकडील सुखवस्तू मंडळींना यात व्यवसायाचा विटाळ दिसला, आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी मागणी फेटाळली गेली. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी सवता सुभा मांडला. बुडालेल्या वेळेबद्दल त्यांनी ठरवलेली रक्कम होती दिवसाला फार तर सहा शिलिंग! त्यातूनच पुढे तेरा गड्यांची ‘रग्बी लीग’ जन्मली. सहा शिलिंगांवरून भावाभावांची चूल वेगळी झाली असे म्हणतात; परंतु खरा प्रश्न असा होता, की गड्याने शनिवार दिला तर त्याचे मोल कोणी द्यायचे.

पंधरा गड्यांच्या घरात त्यानंतर शंभर वर्षे हौशीपणाचे सोवळे पाळले गेले. या सोवळ्यात दौरे मात्र चालत. १८८८ मध्ये ब्रिटनचा पहिला संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेला तो सुमारे आठ महिने घराबाहेर होता. रग्बीचे ३५ सामने झाले, आणि कप्तान रॉबर्ट सेडन हा तिकडेच हंटर नदीत बुडून वारला. १९०५ मध्ये न्यूझीलंडचा संघ उलट इकडे आला आणि साऱ्या दौऱ्यात केवळ वेल्सकडून, तोही ३-० असा, हरला. असे महिनोन् महिने ज्याला मोकळे काढता येत, तो दौऱ्यावर जाई. क्लबही कुरकुरत नसत, कारण गड्याला वेतन नव्हते. ज्याला आपण काही देत नाही, त्याच्यावर हक्क कसा सांगणार?

हे चित्र पालटले ते गेल्या शतकाच्या अखेरीस. १९८७ मध्ये पहिला विश्वचषक न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात झाला, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या क्लबांची रीतसर साखळी स्पर्धाही सुरू झाली. देशाचा सण मोठा झाला आणि क्लबाचा संसारही वाढला. शनिवार मात्र तेवढेच राहिले. १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांनी रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीशी दूरचित्रवाणीचा दहा वर्षांचा, सुमारे ५५ कोटी डॉलरांचा करार केला. एवढा पैसा दारात आल्यावर सोवळे टिकते थोडेच! २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने गड्यांना उघडपणे पैसे देण्यास मोकळीक दिली. हडर्सफील्डच्या फुटीला शंभर वर्षे पुरी व्हायला तेव्हा तीन दिवस उरले होते. गंमत पाहा, त्याच सुमारास वेगळ्या चुलीवरच्या रग्बी लीगने इंग्लंडमध्ये १९९६ पासून आपला हंगामच हिवाळ्यातून उन्हाळ्यात हलवला आणि आपल्यापुरता पंचांगाचा गुंता सोडवून टाकला.

थोरल्या भावाला ते जमले नाही. एकदा वेतन आले की मालक येतो, आणि मालक आला की हक्क. आयर्लंड आणि न्यूझीलंड येथे राष्ट्रीय संघटनाच प्रमुख गड्यांशी करार करते. त्याने कुठे केव्हा खेळावे, विश्रांती केव्हा घ्यावी, हे तीच पाहते. इंग्लंड आणि फ्रान्स येथे गडी क्लबाच्या पगारावर असतो आणि देश त्याला ठरावीक आठवड्यांपुरता मागून नेतो. क्लबाचे म्हणणे असे, की पोराला आम्ही वाढवले, पगार आम्ही देतो. तुम्ही त्याला नेता आणि मोडून परत पाठवता. संघटना म्हणते, की देशाचा सामना पाहूनच लोक या खेळाकडे वळतात. तुमची तिकिटे खपतात तीही आमच्या पुण्याईवर. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच तंटा मिटत नाही.

या ओढाताणीचा बाजार १९९८ च्या जूनमध्ये उठला. लांबलेल्या हंगामाने थकलेले, दुखावलेले अनेक अनुभवी गडी मागे ठेवून इंग्लंडने पोरसवदा संघ ऑस्ट्रेलियाला धाडला. ब्रिस्बेन येथे तो ७६-० असा हरला. पुढच्या हंगामात इंग्लिश क्लबांनी युरोपच्या स्पर्धेवरच बहिष्कार घातला. त्या दारुण दौऱ्यात जॉनी विल्किन्सन नावाचे एकोणीस वर्षांचे पोर होते. २००३ मध्ये सिडनीला त्याच्याच पायाने इंग्लंडला विश्वचषक मिळवून दिला, हे रग्बीच्या इतिहासातले एक सुखद वळण.

भांडणाला आणखी एक पदर आहे, आणि तो निसर्गाचा आहे. उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा दक्षिणेत उन्हाळा. युरोपचा हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन पुढच्या मे-जूनला संपतो, तर दक्षिणेचा तेव्हा ऐन भरात असतो. एकाने दुसऱ्याकडे जायचे तर कोणी तरी थकलेला आणि कोणी तरी ताजा असायचाच. २०१७ मध्ये ठरले, की २०२० पासून जूनमधले दौरे जुलैत न्यावेत, म्हणजे दक्षिणेचा हंगाम मध्येच तुटणार नाही. पण सहा राष्ट्रांची स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमधून हलायला तयार नाही, आणि १४ संघांची व २६ फेऱ्यांची फ्रान्सची साखळी आखडायला तयार नाही. जो तो दुसऱ्याने सरकून बसावे म्हणून वाट पाहतो, आपल्या एस. टी. च्या गाडीतल्यासारखेच!

या गर्दीत धाकटे देश उभेच असतात. फिजीचे सामर्थ्य आज कोणी नाकारत नाही. २०२३ मध्ये त्याने इंग्लंडला ट्विकेनहॅमवर ३०-२२ असे हरवले आणि त्याच वर्षी विश्वचषकात ऑस्ट्रेलियालाही. तरी बड्यांशी नेमाने खेळण्यासाठी त्याला तारखा मिळत नसत. सर्व देशांची चढउतार असलेली साखळी करावी, अशी योजना अर्जेंटिनाचे माजी कप्तान अगुस्तिन पिचोट यांनी हिरिरीने मांडली होती. २०१९ च्या जूनमध्ये ती कोलमडली, कारण खाली घसरण्याचे भय कोणाही बड्याला सोसवेना. पिचोट २०२० मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि २३ विरुद्ध २८ मतांनी पडले. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात जागतिक मंडळाने ठरवले, की २०२६ पासून दर दोन वर्षांनी बारा देशांची स्पर्धा जुलै आणि नोव्हेंबरात भरवावी. त्या बारांत फिजी आणि जपान यांना जागा मिळाली. सामोआ, टोंगा, जॉर्जिया बाहेरच राहिले. चढउताराचे दार २०३० पासून उघडायचे आहे.

क्लबांनाही या व्यवहारात सुख लाभले असे नाही. २०२२-२३ च्या एकाच हंगामात वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन इंग्लिश क्लब आर्थिक ओझ्याखाली कोसळले. १८७१ च्या बैठकीचा दिवस चुकवणारा वॉस्प्स युरोपचे अजिंक्यपद दोनदा मिळवून शेवटी कर्जात बुडाला. अव्वल साखळीत तेराचे दहा संघ उरले, आणि मग काय झाले? सामने कमी झाले, देशाच्या शनिवारांशी होणारी टक्कर बरीचशी टळली. पंचवीस वर्षे बैठकांत जे जमले नाही, ते तीन घरांना कुलपे लागल्यावर जमले. समेटाची याहून महाग किंमत कोणती असेल?

उलट स्वस्तातला धडा स्त्रियांनी घालून दिला आहे. त्यांची सहा राष्ट्रांची स्पर्धा पुरुषांच्या सावलीत खेळली जाई. २०२१ पासून तिला एप्रिलातले स्वतःचे दिवस मिळाले, आणि २०२३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स सामन्याला ट्विकेनहॅमवर ५८,४९८ प्रेक्षक लोटले. निवांत तारीख मिळाली की माणसे येतात, हे त्यातून दिसले.

आणि गडी? २००३ च्या त्या विजयी इंग्लिश संघात स्टीव्ह थॉम्प्सन हा हुकर होता. २०२० च्या डिसेंबरात, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने जगाला सांगितले की आपल्याला स्मृतिभ्रंश जडला आहे आणि विश्वचषक जिंकल्याचेही आपल्याला आठवत नाही. डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांचा हा परिणाम, असे त्याचे आणि त्याच्यासारख्या अनेकांचे म्हणणे आहे, आणि ते न्यायालयात गेले आहेत. निवाडा काहीही लागो; ज्या दिवसासाठी क्लब आणि देश इतके झगडले, तो दिवस ज्याने खेळून दाखवला त्याच्याजवळच उरला नाही, ही गोष्ट मनाला चटका लावून जाते.

आजवर या खेळाचे पंचांग मांडताना आधी सामने लिहिले गेले, आणि उरलेल्या रकान्यांत विश्रांती बसवली गेली. ते रकाने उरतच नाहीत. आम्हांला वाटते, क्रम उलटा हवा. आधी विश्रांतीचे आठवडे ठळक शाईने लिहावेत, मग उरलेले शनिवार देशाने आणि क्लबाने खुशाल वाटून घ्यावेत. कोणाचा सण एखाद्या आठवड्याने पुढे गेला, कोणाची तिकिटे थोडी कमी खपली, तरी खेळ बुडणार नाही. हडर्सफील्डच्या मजुराने आपल्या शनिवारचे सहा शिलिंग मागितले होते. आजच्या गड्याला पैसे मिळतात. त्याला हवे आहेत ते थोडे शनिवार, आणि ते साठीतही आठवत राहतील एवढे शाबूत डोके.