ब्रिटनमधील पशुधन-कल्याण तपासणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ब्रिटनमध्ये १९११ च्या प्राणिसंरक्षण कायद्याने क्रौर्य दंडनीय ठरविले होते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेल्या बंदिस्त पशुपालनातील यातना त्याच्या कक्षेत सहजासहजी येत नव्हत्या. मारहाण दिसते; आयुष्यभराची कोंडी दिसत नाही. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशिन्स’ या ग्रंथाने ती लोकांसमोर आणली. त्यानंतर शासनाने प्राणिशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जनावराला उठता, आडवे होता, वळता, अंग स्वच्छ करता व अवयव ताणता यावेत, ही किमान अपेक्षा समितीने १९६५ च्या अहवालात नोंदविली.

१९६८ च्या कायद्याने पशुधनास अनावश्यक वेदना वा क्लेश देणे हा गुन्हा ठरविला आणि प्राधिकृत अधिकाऱ्यांना शेतजमिनीवर प्रवेश करून तपासणी करण्याचा अधिकार दिला. मात्र त्याअन्वये काढलेल्या आचारसंहितेचा भंग हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. खटल्यात तो केवळ पुराव्यादाखल मांडता येई.

भारताच्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नेही हालचालीस अपुरा पिंजरा निषिद्ध मानला आहे. तथापि, निकष कायद्यात लिहिला म्हणजे तो गोठ्यात पोहोचतोच असे नाही. त्यासाठी तपासनिसाचे पाऊल तेथे पडावे लागते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.