कारखान्याच्या दारावरची मराठी

उद्योगव्यवहारातील सुबोध लेखन म्हटले की पत्रे आणि अहवाल आठवतात. कारखान्याचा ज्यावर जीव अवलंबून असतो तो मजकूर मात्र दाराजवळच्या फलकावर असतो. हा धागा त्या फलकाविषयी.

१९६० साली नव्या महाराष्ट्र राज्याने शासनव्यवहाराची मराठी परिभाषा घडवण्यासाठी भाषा संचालनालय स्थापन केले. त्याच वर्षी डिसेंबरात हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी नोंदली गेली. तिचा कारखाना खालापूर तालुक्यात, मोहोपाड्यालगत उभा राहिला. परिसराला नावच रसायनी मिळाले.

फलकांविषयीचा नियम त्याआधीचा, १९४८च्या कारखाने अधिनियमातला. कलम १०८ प्रमाणे सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे बंधनकारक होते. ‘समजणाऱ्या’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. शिवकालीन राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तिथे प्रश्न राज्याच्या अस्मितेचा होता. फलकापुढे उभ्या माणसाला संस्कृतही फारसीइतकेच परके असू शकते.

रसायनीत तयार होणाऱ्या अ‍ॅनिलिनचे उदाहरण घ्या. ‘त्वचेद्वारे शोषण होऊन मेथेमोग्लोबिनेमिया उद्भवण्याची शक्यता’ हे वाक्य अचूक आहे, मराठीही आहे. आता हे वाचा : ‘अंगावर सांडले तर कपडे लगेच काढा, भरपूर पाण्याने अंग धुवा. ओठ निळे पडू लागले तर तातडीने दवाखान्यात न्या.’ कायद्याने भाषा ठरवून दिली. वाक्य लिहिणाऱ्यावर सोडले. (टँकरवरचे ‘ज्वालाग्राही’ आपल्याला कळते, त्यात शेजारच्या ज्वाळेच्या चित्राचा वाटा मोठा आहे.)

२-३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट पसरला. कारखान्यातील कार्यपुस्तिका इंग्रजीत होत्या आणि भिंतीपलीकडच्या वस्तीला तर काहीच सांगितलेले नव्हते. ओले कापड नाकातोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढी दोन वाक्येही त्या लोकांपर्यंत पोहोचली नव्हती.

१९८७च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम ४१-ब आले. धोकादायक कारखान्याने धोक्यांची आणि बचावाच्या उपायांची माहिती कामगार, मुख्य निरीक्षक, स्थानिक संस्था आणि आसपासचे नागरिक यांना देणे सक्तीचे झाले. फलकाचा वाचक इथे बदलला. मोहोपाड्यात भाजी घ्यायला निघालेली बाई, जिने कारखान्याचे दार कधी ओलांडले नाही, तीही आता कायद्याच्या दृष्टीने वाचक होती.

मे २०१७मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीचा रसायनी येथील कारखाना बंद करण्यास मंजुरी दिली. नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा इस्रोकडे गेला, कारण अग्निबाणांना ते लागते. पाताळगंगेकाठचे इतर कारखाने चालूच आहेत, आणि त्यांच्या दारांवरचे फलकही.