कुलाब्याची प्रतिसृष्टी : संगणकीय खेळातील इतिहास-उद्यान आणि पुराव्याचा प्रश्न

दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला रचावा, त्यावर अळीव पेरावे, माथ्यावर शिवाजी महाराजांची मूर्ती बसवावी आणि उतारावर मावळे उभे करावेत, ही महाराष्ट्रातील मुलांची प्रथा सर्वपरिचित आहे. या किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. कारण तो किल्ला वास्तवाचा दावा करीतच नाही. पुण्यातील आंबेगाव येथील शिवसृष्टीचा पहिला टप्पा २०२३ साली खुला झाला. तशा प्रकल्पांना ही सवलत अर्थातच मिळू शकत नाही. या दोहोंच्या मध्ये अलीकडे एक तिसरा प्रकार उद्भवला आहे. संगणकीय खेळात करमणुकीचे उद्यान उभारावयाचे आणि त्यास एखाद्या ऐतिहासिक स्थळाचे हुबेहूब रूप द्यावयाचे, असा हा उद्योग आहे. तो पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही, हे रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील दुर्गांचे उदाहरण घेतल्यास ध्यानात येते.

या खेळांचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ख्रिस सॉयर यांनी रचलेला ‘रोलरकोस्टर टायकून’ १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात उद्यानात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची भूक, तहान, थकवा आणि खिशातील पैसा यांचा स्वतंत्र हिशेब ठेवला जातो. पुढे २०१६ मध्ये आलेल्या ‘प्लॅनेट कोस्टर’ या खेळात जमिनीला हवा तसा उठाव देण्याची आणि भिंत, छप्पर, खांब असे सुटे भाग जुळवून इमारत रचण्याची सोय झाली. हे भाग विषयवार पेट्यांत विभागलेले असतात. परीकथा, चाचे, अमेरिकेचा पश्चिम प्रदेश आणि विज्ञानकथा असे मूळ संचातील विषय होत. रचणाऱ्याने जे मांडावयाचे ते प्रथमतः या पेट्यांतून उचलावे लागते.

आता कोणी अलिबागचा कुलाबा किल्ला अशा रीतीने उभारू लागला, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो सालाचा. आज किल्ल्यात जाणारा प्रवासी जे पाहतो ते कोणत्याही एका काळाचे नव्हे. दुर्गाच्या उभारणीस शिवाजी महाराजांच्या अखेरीच्या दिवसांत, १६८० मध्ये आरंभ झाला असे मानले जाते. त्याची खरी भरभराट कान्होजी आंग्रे यांच्या काळातील, आणि कान्होजी १७२९ मध्ये वारले. किल्ल्यातील सिद्धिविनायकाचे मंदिर मात्र राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले, म्हणजे कान्होजींच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. ज्या दोन तोफांपाशी प्रत्येक पाहुणा छायाचित्र काढून घेतो, त्यांवर यॉर्कशायरमधील लो मूर येथील कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल कोरलेले आहे. तोवर आंग्र्यांचे संस्थान खालसा होऊन काही वर्षे लोटली होती! जो रचनाकार ‘प्रत्यक्ष पाहिले तसे’ उभारतो, तो कान्होजींच्या हाती त्यांना कधीही न दिसलेल्या तोफा देतो. निबंधकार ‘किल्ल्यात मंदिर व तोफा आहेत’ एवढ्या एका वाक्यात ही अडचण ओलांडून जातो. प्रतिकृती रचणाऱ्यास तसे करता येत नाही. त्याला एक वर्ष निवडावे लागते आणि त्या वर्षी जे नव्हते ते काढून टाकावे लागते.

रायगडावर हीच अडचण उलट्या बाजूने येते. १८१८ च्या मे महिन्यातील इंग्रजी तोफांच्या माऱ्यात गडावरील लाकडी इमारती जळाल्या. राहिली ती जोती. त्यांवर किती उंचीचे खांब होते आणि छप्पर कसे होते, याचे उत्तर जोत्यावरून निघत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकास उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्सिंडेन सिंहासनाजवळील सोनेरी मत्स्यशीर्षे आणि तराजू यांचे वर्णन करतो. परंतु त्यावरून वास्तूचे छप्पर उभारता येत नाही. खेळात मात्र जोत्यावर काहीतरी ठेवल्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते ठेवताच अनुमान पुराव्याइतकेच ठळक दिसू लागते. सप्रमाण दगड आणि कल्पित दगड यांचा रंग पडद्यावर एकच असतो.

याहून गंभीर उणीव पाण्याची आहे. या खेळांतील जलाशय स्थिर असतो. त्यास भरती-ओहोटी नाही. आणि कुलाब्याचे सारे सामर्थ्य तर त्यातच आहे. ओहोटीला अलिबागच्या वाळूवरून चालत किल्ल्यात जाता येते, भरतीला तेच ठिकाण बेट होते. म्हणून वेढा घालणाऱ्या सैन्याला दिवसाचे काही तासच उपलब्ध असत, आणि भरतीपूर्वी परतणे भाग पडे. तटाचे प्रचंड चिरे चुना न वापरता नुसते एकावर एक रचलेले आहेत; सांध्यांत शिरणाऱ्या पाण्यामुळे लाटेचा जोर मोडतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. स्थिर पाण्यात उभारलेला कुलाबा एक तर कायमचे बेट असतो किंवा कायमची टेकडी. दोन्ही चित्रे दिसावयास सुंदर, पण सरखेलांनी हे स्थान का निवडले या प्रश्नाचे उत्तर दोहोंतही नाही.

तथापि सर्वांत अधिक विचार करावयास लावते ती ‘चाचे’ या नावाची पेटी. समुद्रकाठचा दुर्ग, तोफा, डोलकाठ्या, पिंपे आणि दोरखंड ही सारी सामग्री खेळात त्याच पेटीत सापडते. क्लेमेंट डाउनिंगच्या १७३७ मधील ग्रंथाच्या मथळ्यातच आंग्र्यांना चाचे म्हटले आहे; बिडल्फचे १९०७ मधील पुस्तक तर मलबारच्या चाच्यांविषयीचेच. त्यावर सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील १९२८ च्या ग्रंथात आक्षेप घेतला. आंग्रे परवाना, म्हणजे दस्तक, घेतलेल्या जहाजांना संरक्षण देत आणि न घेतलेल्यांना पकडीत. पोर्तुगीजही आपल्या ‘कार्ताझ’च्या बळावर दोन शतके हेच करीत आले होते. एकाचा तो राजाधिकार आणि दुसऱ्याची ती लूट, हा भेद कायद्यातून आलेला नाही. तो सांगणाऱ्याच्या बाजूतून आला. हा वाद इतिहासलेखनात पुष्कळसा मिटला. पेटीचे नाव मात्र तसेच राहिले, आणि खेळाडू वाद न वाचताच त्याची एक बाजू उचलतो. यात खेळ निर्माण करणाऱ्यांचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे कॅरिबियन समुद्राच्या कथा होत्या, अरबी समुद्र नव्हता. पुढे स्वतः घडविलेले भाग खेळात आणण्याची सोय झाल्याने गुराब आणि गलबत यांची योग्य रूपे आणणे शक्य झाले आहे, परंतु त्यासाठी ती आधी कोणीतरी पुराव्यानिशी रेखाटली पाहिजेत.

असे असूनही एका ठिकाणी हा प्रकार लेखी इतिहासाला मागे टाकू शकेल. ते ठिकाण खांदेरी होय. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत ते आहे. तेथील प्रतिकृतींची संख्या यापुढे वाढेल, हे उघड आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यास बेटावर पाठवून तट बांधावयास घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाची कोंडी केली. १८ ऑक्टोबरच्या लढाईत कॅप्टन केग्विनच्या ताफ्यातील ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले, हे सर्वांच्या लक्षात राहते. पण कोंडी फुटली ती एका लढाईने नव्हे. थळच्या बाजूने रात्री उथळ पाण्यातून वल्हवीत जाणाऱ्या लहान होड्या धान्य, माणसे आणि सामान बेटावर पोहोचवीत राहिल्या, आणि वाऱ्यावर अवलंबून असलेल्या मोठ्या जहाजांना त्या अडविता येईनात. शे-दोनशे माणसे रोज काय खातात, पाणी कोठून पितात, एक होडी चुकली तर काम किती थांबते, हा हिशेब कथनात हरवतो. ज्या खेळात पाहुण्याची तहान मोजली जाते त्यात तो मध्यभागी येऊ शकतो. खेळातील पाहुण्यांच्या जागी गवंडी व पाथरवट, आणि खाद्यगृहाच्या जागी थळहून येणारी होडी कल्पिली, म्हणजे झाले.

मात्र तेथेही रचनाकाराची दृष्टी बेटाच्या कडेशी थांबून चालत नाही. जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर आपला तट उभारावयास घेतला आणि खांदेरीच्या तोफांपुढे दुसऱ्या तोफा आल्या. खांदेरीची प्रतिकृती १६७९ ची असेल तर समोरचे बेट ओसाड दाखविले पाहिजे. ती एका वर्षाने पुढची असेल तर तेथून गोळा येत असला पाहिजे.