तारेवरून झालेलं ऑपरेशन

ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर एका पाद्र्याचं चित्र आहे, जॉन फ्लिनचं. सोबत एक विमानही आहे. पाद्र्याचा आणि विमानाचा काय संबंध, हे शोधत गेलो आणि पोचलो १९१७ सालातल्या एका पोस्ट ऑफिसात.

हॉल्स क्रीक हे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं आडगाव. त्या वर्षी जुलैअखेर जिमी डार्सी नावाचा २९ वर्षांचा गुराखी घोड्यावरून पडला. पोटात जबर मार बसला. भावांनी त्याला कसंबसं गावात आणलं, पण गावात डॉक्टरच नव्हता. होता तो पोस्टमास्तर, फ्रेड टकेट. त्याने पूर्वी पर्थमध्ये डॉ. जॉन हॉलंड यांच्याकडे प्रथमोपचाराचे धडे घेतले होते. पर्थ तिथून सरळ रेषेत मोजलं तरी १,९०० किलोमीटर दूर. टकेटने त्यांनाच तार केली.

एकीकडून लक्षणं, दुसरीकडून प्रश्न, असा मोर्स कोडमध्ये संवाद सुरू झाला. मूत्राशयाला इजा झाली आहे, ताबडतोब ऑपरेशन केलं नाही तर रोगी वाचणार नाही, असं हॉलंड यांचं निदान झालं. ऑपरेशन करायचं कुणी? पोस्टमास्तरने! हत्यार कुठलं? खिशातला चाकू. जंतुनाशक म्हणून पोटॅशियम परमँगनेट, आपल्याकडे विहिरीत टाकतात तेच. भूल द्यायला काहीच नव्हतं. डॉक्टर तारेवरून एकेक पायरी सांगत होते आणि पोस्टमास्तर त्याप्रमाणे हात चालवत होता. हे काही तास चाललं.

ऑपरेशन पार पडलं, पण पुढे डार्सीची तब्येत ढासळत गेली. तेव्हा हॉलंड स्वतःच निघाले. गुरं वाहणाऱ्या बोटीतून डर्बी बंदर, तिथून फोर्ड गाडीने खाचखळग्यांतून हॉल्स क्रीक. पोचले तेव्हा कळलं, रोगी आदल्याच दिवशी गेला. तपासणीत आढळलं की टकेटचं काम व्यवस्थित झालं होतं. डार्सीला मलेरियाने गाठलं होतं.

ही कहाणी देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजली. फ्लिन तेव्हा याच दुर्गम भागांसाठी काम करत होता. विमानाने डॉक्टर न्यायचा हा विचार प्रत्यक्षात यायला आणखी दशक गेलं. मे १९२८मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लोनकरी गावातून क्वांटास कंपनीच्या भाड्याच्या विमानाने ही सेवा सुरू झाली. पहिल्या वर्षात ५० उड्डाणं झाली, २२५ रुग्ण तपासले गेले. आज तिला रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस म्हणतात.

पण विमान बोलवायचं कसं? तिथल्या एकाकी घरांत ना तार होती, ना वीज. ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगरने १९२९मध्ये यावर तोड काढली: सायकलसारखी पायडल मारून वीज तयार करायची आणि मोकळ्या हातांनी संदेश पाठवायचा. मोर्स कोड शिकणं घरच्या बायकांना अवघड जातं हे लक्षात आल्यावर त्याने टाइपरायटरसारखा कळफलकही बनवला. अक्षराची कळ दाबली की यंत्र आपोआप मोर्स पाठवी.

मला या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती मात्र औषधांची पेटी. १९४०च्या दशकात दूरच्या घरांत या पेट्या ठेवल्या गेल्या. प्रत्येक औषधावर क्रमांक, आणि सोबत मानवी शरीराचा नकाशा, त्यावरही क्रमांक. दुखतंय कुठे, तर अमुक क्रमांकावर. घ्यायचं काय, तर तमुक क्रमांकाचं. औषधाचं अवघड नाव वाचता येण्याची गरजच नाही. रेडिओत खरखर असली तरी आकडा कळतो. आणि औषध आधीपासून घरात असतं.

आता आपल्याकडे येऊ. २०१८मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. रुग्णालयात डॉक्टर हजर नव्हते, फोनवरून औषधं सांगितली गेली होती आणि बाळंतीण दगावली होती. फोनवर सल्ला द्यावा की नाही, अशी धास्ती त्यानंतर डॉक्टरांमध्ये पसरली. स्पष्ट नियम आले ते २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. त्यात रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये आरोग्य कर्मचारी असण्याची पद्धतही मान्य केलेली आहे. २०१९मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ई-संजीवनी याच पद्धतीने चालते. रुग्ण उपकेंद्रात जातो, तिथला समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब मोजतो, विचारपूस करतो आणि व्हिडिओवर डॉक्टरशी गाठ घालून देतो.

हा अधिकारी म्हणजे आजचा टकेट. फरक एवढाच की तो प्रशिक्षित आहे आणि ते त्याचं नेमून दिलेलं काम आहे. रत्नागिरीच्या प्रकरणात फोन तर लागला होता. म्हणून गावात टेलिमेडिसिन आल्याची बातमी वाचली की मी ॲपचं नाव किंवा नेटवर्कचा वेग शोधत नाही. उपकेंद्रातली जागा भरलेली आहे का? सांगितलेली गोळी तिथल्या कपाटात आहे का? रुग्णाला हलवायची वेळ आली तर गाडी किती वेळात येईल? डार्सीच्या बाबतीत डॉक्टरचा शब्द लगेच पोचला होता. डॉक्टर पोचायला मात्र एक दिवस उशीर झाला.