शरीरबाह्य फलनाचा संचयी यशदर

शरीरबाह्य फलनाचा (आयव्हीएफ) संचयी यशदर म्हणजे उपचार सुरू करणाऱ्या स्त्रियांपैकी ठरावीक आवर्तनांअखेर किती जणींना जिवंत मूल झाले, याचे शेकडा प्रमाण. अंडाशयाचे उत्तेजन, स्त्रीबीज काढणे, प्रयोगशाळेतील फलन आणि त्यातून मिळालेल्या ताज्या व गोठवलेल्या सर्व भ्रूणांचे रोपण मिळून एक आवर्तन धरतात. गर्भधारणा दर यापेक्षा नेहमीच जास्त दिसतो, कारण त्यात पुढे गर्भपात झालेल्या स्त्रियाही मोजल्या जातात. जाहिरातीतील आकडा कोणता, हे म्हणूनच आधी पाहावे.

मोजणी

दर आवर्तनाला ३० टक्के यश धरले, तर तीन आवर्तनांचे यश ९० टक्के होत नाही. शंभरांपैकी पहिल्यानंतर ७०, दुसऱ्यानंतर ४९ व तिसऱ्यानंतर सुमारे ३४ स्त्रिया अपत्याविना उरतात. म्हणजे यश सुमारे ६६ टक्के. प्रत्यक्षात मागे उरणाऱ्यांत कठीण निदानाच्या स्त्रिया अधिक असल्याने पुढील आवर्तनांचा दर घटत जातो.

ब्रिटनमधील १,५६,९४७ स्त्रियांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या आवर्तनाचा जिवंत प्रसूती दर २९.५ टक्के होता. चौथ्यापर्यंत तो २० टक्क्यांच्या वर राहिला. सहा आवर्तनांअखेरचा अंदाजित संचयी दर ६५.३ टक्के होता. स्वतःचे स्त्रीबीज वापरणाऱ्या ४० ते ४२ वर्षांच्या स्त्रियांत मात्र तो ३१.५ टक्केच होता.

उपचार मध्येच सोडणाऱ्यांना कसे मोजावे, हा वादाचा मुद्दा आहे. बॉस्टन येथील २००९ च्या अभ्यासात त्यांना अयशस्वी मानल्यास सहा आवर्तनांचा दर ५१ टक्के, तर इतरांइतकेच यश त्यांना मिळाले असते असे मानल्यास ७२ टक्के येतो.

महाराष्ट्र व मराठवाडा

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून या पद्धतीने बालक जन्मले. आज नांदेड व लातूर येथेही खाजगी केंद्रे आहेत. काही जोडपी पुणे, मुंबई वा हैदराबादला जातात. एका आवर्तनाचा खर्च बहुधा लाखाच्या घरात असून तो घरूनच करावा लागतो. त्यामुळे सहा आवर्तनांचा आकडा येथील पुष्कळ कुटुंबांना लागूच पडत नाही; पहिल्या-दुसऱ्या आवर्तनाचा, तोही स्त्रीच्या वयोगटातील दर त्यांनी विचारणे अधिक उपयुक्त ठरते. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार आपल्या केंद्रातील यशाची शक्यता, उपचारांचे फायदे-तोटे व खर्च जोडप्याला समजावून सांगणे केंद्रांवर बंधनकारक आहे.