गाडग्याचा कुंभार, वारुळाचा कोण?

नागपंचमीला कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळच्या कुंभार गल्लीतून मातीचा नाग आणायचा आणि मग गावाकडं जाऊन वारूळ पुजायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. एक माती कुंभारानं वळलेली, दुसरी वाळवीनं रचलेली. या दोन मातींवरून आपल्याकडं शतकानुशतकं वाद झडला, हे मला फार उशिरा कळलं.

देव कशावरून, असं विचारलं की आजी म्हणायची, "गाडगं आपोआप झालंय व्हय? मग येवढं जग?" आजीनं न्यायशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण तिचं गाडगं थेट तिथलंच. नैयायिकांचा सारा संसार घटाभोवती. माती हे त्याचं समवायी कारण, चाक-दांडा ही निमित्त कारणं, कुंभार कर्ता. हिशेब इतका काटेकोर की माती वाहून आणणाऱ्या गाढवाचाही त्यांनी विचार केला आणि त्याला 'अन्यथासिद्ध' ठरवून कारणांच्या यादीतून हाकललं. कुंभाराच्या बापालाही तीच वाट दाखवली! उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर सिद्ध करायला जे पुरावे मांडले, त्यांतला पहिला हाच: जग हे कार्य आहे आणि कार्याला कर्ता लागतो. इंग्लंडात विल्यम पेलीनं १८०२ साली याच कामाला घड्याळ जुंपलं.

युक्तिवाद मात्र उदयनाच्या बराच आधीचा, आणि त्यातली खोटही आधीच हेरलेली. वारूळ पुढं केलं ते बौद्ध तार्किक धर्मकीर्तीनं. मातीला आकार दिसला की कुंभार मानायचा, तर वारूळही मातीचंच. तेही कुंभारानं केलं म्हणा! गाडगं घडताना आपण पाहिलेलं असतं, म्हणून नवं गाडगं दिसलं तरी कुंभार आठवतो. जग घडताना कुणी पाहिलंय? पुढं तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं हीच शंका घेतली, पण त्याचं पुस्तक छापून आलं ते १७७९ साली, तेही तो गेल्यावर.

बौद्धांनी खोट काढली यात नवल नाही. मला गंमत वाटते ती सोवळ्यातल्या माणसांची. कुमारिल भट्ट म्हणजे वेद आणि यज्ञ यांचा कट्टर कैवारी. त्यांनी विचारलं, कुंभाराला हात आहेत, शरीर आहे. तुमच्या कर्त्याला शरीर असेल तर ते कुणी घडवलं? आणि नसेल तर तो घडवतो कशानं? रामानुजाचार्य तर विष्णूचे परमभक्त. त्यांनीही हे अनुमान मोडीत काढलं. ईश्वर शास्त्रावरून कळतो, कुंभारावरून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ज्याची श्रद्धा घट्ट, त्याला गाडग्याचा टेकू लागला नाही, असं दिसतं.

कोल्हापुरात या वादाची एक बाजू अजून नांदती आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडचा जैन शेतकरी बस्तीत अभिषेक करतो, कुंभोजच्या बाहुबलीला जातो, उपवास धरतो. पण जग घडवणारा कुणी आहे, असं त्याचा धर्म मानत नाही. नवव्या शतकात जिनसेनांनी 'आदिपुराणा'त जगत्कर्त्याची कल्पना सविस्तर खोडून काढली. गेल्या शतकात राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या आ. ने. उपाध्यांनी कुंदकुंदांचा 'प्रवचनसार' संपादून १९३५ साली प्रसिद्ध केला. त्याला जोडलेल्या लांबलचक इंग्रजी प्रस्तावनेमुळं हा विचार परक्या अभ्यासकांच्याही हाती गेला.

आणि याच गावात ११ जानेवारी १९११ ला जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची शाखा उभी राहिली, भास्करराव जाधव अध्यक्ष. या मंडळींनी मधला भट काढून टाकला, पण जोतीरावांचा 'निर्मिक', म्हणजे जग घडवणारा, ठेवला. म्हणजे भिक्षुकाला नाकारणाऱ्यांनी कुंभार राखला, आणि ज्यांच्या बस्तीत पूजा सांगायला उपाध्ये आहेत, त्यांनी कुंभाराला कधीच रजा दिलेली. पुरोगामी कोण नि सनातनी कोण, हे या एका गाडग्यावरून ठरवायला जाणाऱ्याची कोल्हापुरात चांगलीच पंचाईत होईल.

परवा कुंभारांच्या बापट कॅम्पात गेलो होतो. एका शेडमध्ये साच्यातून निघालेले पंचवीस-तीस गणपती ओळीनं वाळत होते, सगळे एकाच तोंडवळ्याचे. साचा एकाचा, ओतणारा दुसरा, डोळ्यांची आखणी करणारा तिसरा. यांतला कर्ता कोण म्हणून विचारावंसं वाटलं, पण सीझनची घाई होती. बाहेर शाडूची पोती उतरवून टेम्पो निघाला होता. नैयायिकांच्या यादीत आता गाढवाच्या जागी तोच.