यंत्राने कुठे थांबावं?

चंडीगडच्या सेक्टर १७ मधून आज बोलायचंय ते परिस्थितीप्रमाणे स्वतःला बदलणाऱ्या यंत्रांच्या इतिहासाबद्दल.

एक्स-१५ हे अमेरिकेचं रॉकेट विमान. दाट हवेत सुकाणू जरासं वळवलं तरी पुरतं, विरळ हवेत जास्त वळवावं लागतं. हे प्रमाण उडता उडता ठरवायचं काम एका स्वयंचलित यंत्रणेकडे होतं. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी मेजर मायकेल अ‍ॅडम्स सुमारे ८१ किलोमीटर उंचीवरून परतताना विमान गिरकीत सापडलं. गिरकीतून ते बाहेर आलं. पण यंत्रणा हेलकावे देत राहिली, जोर कमी करेना. विमान हवेतच तुटलं, अ‍ॅडम्स गेले.

अंदाज चुकला तरी यंत्र ताब्यात राहिलं पाहिजे, हा विचार पुढे संशोधकांनी गणितात बसवला.

आपल्या पुण्यात, दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत तयार झालेला ‘दक्ष’ बॉम्ब हाताळतो, जिनेही चढतो. जवान त्याला दुरून चालवतो. पायरीवर पकड बदलते, हातात वजन आलं की तोल बदलतो. अशा यंत्राला दोन प्रश्न विचारावेत: तू किती जुळवून घेतोस, आणि कुठे थांबतोस? दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्याच्या भरवशावर जवान पाठवू नये.